घटक ५ : डोंगरी ते डंगरी – एका कापडी शब्दाचा अमेरिकेपर्यंतचा प्रवास

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- अमेरिकी वेशभूषा, चित्रकला आणि चित्रपट यांत रुळलेल्या काही भारतीय कापडी शब्दांची ओळख करून देता येईल.
- आदान शब्द, अर्थोत्कर्ष, अर्थापकर्ष आणि लोकव्युत्पत्ती या संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
- ‘सामान्य ज्ञान’ म्हणून पाठ केलेल्या माहितीमागील प्रश्न शोधता येतील.
- आपल्या परिसरातील व्यवसायाची शब्दसंपत्ती नोंदवता येईल.

५.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत तुम्ही पुढील प्रकारचे प्रश्न पाहिले असतील. जीन्सच्या पेटंटचे वर्ष कोणते? ‘रोझी द रिव्हेटर’ हे चित्र कोणी काढले? जेम्स डीनचा ‘रिबेल विदाउट अ कॉज’ हा चित्रपट कधी प्रदर्शित झाला? उत्तरे अनुक्रमे १८७३, नॉर्मन रॉकवेल आणि १९५५ अशी आहेत. ती पाठ करायला पाच मिनिटे पुरतात आणि विसरायला त्याहून कमी वेळ लागतो. कारण ही उत्तरे आपल्या जगण्यातील कोणत्याही प्रश्नाशी जोडलेली नसतात. अमेरिका दूर आहे, तेथील चित्रे, गाणी व कपडे तेथील लोकांचे आहेत, आपण ते केवळ दुरून पाहायचे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत तपासण्यासाठी या घटकात आपण ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर डोळ्यांसमोर ठेवणार आहोत. तुमच्यापैकी काहीजण तेथे राहत असतील. काहीजण दिवसपाळी किंवा रातपाळी करून ही पुस्तिका वाचत असतील. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. तेथील मागांवर विणलेले बरेचसे कापड कोरे असते. व्यापारात त्याला ‘ग्रे कापड’ म्हणतात. ते पुढे धुलाई, रंगाई आणि छपाईसाठी दुसरीकडे जाते. मागावरून उतरताना त्या ताग्यावर विणणाऱ्याचे नाव नसते आणि गावाचेही नसते.

याच तालुक्यात, मुंबई-नाशिक महामार्गाच्या परिसरात, मोठमोठी गोदामे आहेत. देशभरच्या ग्राहकांनी मोबाइलवरून मागवलेला माल तेथून रवाना होतो. त्यात तयार कपडेही असतात आणि त्या कपड्यांत ‘डंगरी’ नावाचा एक पोशाख असतो : छातीवर पट्टा, खांद्यांवरून बंद आणि खाली विजार. खोक्यावरचे हे नाव आपण इंग्रजी समजून वाचतो. प्रत्यक्षात तो शब्द भिवंडीपासून तास-दोन तासांच्या अंतरावर, मुंबईतील डोंगरीत जन्मला. तो तेथून कसा निघाला आणि कोणत्या रूपात परत आला, हे आता पाहू.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ डोंगरी कापड

‘डोंगर’ या शब्दापासून ‘डोंगरी’, म्हणजे लहान टेकडी. मुंबई बेटावरील अशाच एका टेकडीच्या परिसराला डोंगरी हे नाव मिळाले. तेथे किल्ला होता. किल्ल्यालगतच्या वस्तीत साधे, जाडेभरडे सुती कापड विकले जात असे. त्या कापडाला लोक ‘डोंगरी कापड’ म्हणू लागले.

हे आपल्याला कशावरून कळते? जेम्स मोल्सवर्थ यांनी तयार केलेल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशावरून. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि सुधारित दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘डोंगरी कापड’ या शब्दाखाली दिलेल्या माहितीचा आशय असा : मूळचा अर्थ डोंगरी किल्ल्याजवळच्या भागात विकले जाणारे साधे देशी कापड. पुढे कोणत्याही हलक्या व स्वस्त सुती कापडाला हे नाव लागू झाले.

या छोट्याशा नोंदीत भाषाविज्ञानातील दोन प्रक्रिया दिसतात. पहिली म्हणजे, विशेषनामाचे सामान्यनाम होणे. डोंगरी हे एका जागेचे नाव होते, ते एका प्रकारच्या मालाचे नाव झाले. दुसरी प्रक्रिया अर्थविस्ताराची आहे. आधी केवळ त्या बाजारातील कापडास लागू असणारा शब्द पुढे तशा प्रकारच्या सर्वच कापडांना लागू झाला.

परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी हा शब्द फार लवकर गेला. इंग्रज कप्तान जॉन सॅरिस याच्या १६१३ च्या सुमाराच्या वृत्तान्तात, लवंगांच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या भारतीय कापडांच्या यादीत या नावाचे एक रूप आढळते. ईस्ट इंडिया कंपनीकडे मुंबई बेट आले १६६८ मध्ये. म्हणजे शहर इंग्रजांच्या हाती येण्यापूर्वीच कापडाचे नाव त्यांच्या भाषेत पोहोचले होते. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश निघाला. त्यातही हा शब्द आहे, आणि त्या कोशाच्या पुढील आवृत्तीत मोल्सवर्थच्या मराठी नोंदीचा आधार दिला गेला. इंग्रजी शब्दाचे मूळ शोधणाऱ्यांना मराठी कोशाकडे यावे लागले, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

५.३.२ अमेरिकेतील मजुरांचे कपडे

इंग्रजीत गेल्यावर या शब्दाचा अर्थ पुन्हा बदलला. आधी तो कापडाचे नाव होता, नंतर त्या कापडाच्या कपड्यांचे नाव झाला. खलाशी, कामगार आणि यंत्रांवर काम करणारे लोक जे जाड, टिकाऊ कपडे घालत, त्यांना ‘डंगरीज’ म्हटले जाऊ लागले. अमेरिकी नौदलातील खलाशांच्या निळ्या कामाच्या कपड्यांना २०व्या शतकात हेच नाव होते. आज आपण ज्या पट्ट्याच्या पोशाखाला डंगरी म्हणतो, त्याला अमेरिकेत सहसा ‘ओव्हरऑल’ म्हणतात. अमेरिकी बोलीत डंगरीज म्हणजे जाड निळ्या कापडाच्या विजारी. एकच शब्द दोन देशांत दोन वस्तूंना कसा चिकटतो, याचे हे सोपे उदाहरण आहे.

येथे जीन्सचा प्रश्न येतो. नेव्हाडा राज्यातील रिनो या गावी जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे वारंवार उसवतात, हे पाहून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. सॅन फ्रान्सिस्को येथील कापडव्यापारी लीव्हाय स्ट्रॉस याच्या सहकार्याने त्याने २० मे १८७३ रोजी या युक्तीचे पेटंट मिळवले. लक्षात घ्या, पेटंट विजारीचे नव्हते आणि कापडाचेही नव्हते. ते खिशाला बळकटी देणाऱ्या रिव्हेटचे होते. ‘जीन्स कोणी शोधली?’ या प्रश्नाचे एका नावात दिलेले उत्तर म्हणूनच अपुरे ठरते. एका शिंप्याने आपल्या गिऱ्हाइकाची अडचण नीट पाहिली, तेव्हा ही वस्तू घडली.

५.३.३ एक सावधगिरीची सूचना

डंगरी हा शब्द आपला आहे, हे कळल्यावर ‘जीन्सही मूळची आपलीच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. ‘डेनिम’ हे नाव फ्रान्समधील नीम या शहराशी जोडले जाते. ‘जीन’ हे नाव इटलीतील जिनोआ या बंदरावरून आले. विणीतही फरक आहे. डोंगरी हे साधे कापड होते. डेनिमची वीण तिरकस असते. ताण्याचे धागे निळीत रंगवलेले असतात आणि बाण्याचे धागे पांढरे असतात. तुमच्याकडे जीन्स असेल, तर तिची आतली बाजू उलटून पाहा. ती बाहेरच्यापेक्षा फिकी दिसेल, कारण आतल्या बाजूस बाणा अधिक दिसतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागणार नाही. कापड उलटून पाहण्याची सवय त्याच्या हाताला असतेच.

शब्दांची मुळे केवळ ध्वनिसाम्यावरून किंवा अभिमानापोटी जुळवणे याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. खरी व्युत्पत्ती पुराव्यावर उभी असते. तो शब्द केव्हा, कोठे, कोणत्या अर्थाने वापरला गेला, याची लेखी नोंद लागते. ‘डंगरी’च्या बाबतीत ती आहे, म्हणूनच आपण ठामपणे बोलू शकतो. ‘सर्व काही परकीयांचे’ हा न्यूनगंड आणि ‘सर्व काही आमचेच’ हा अहंकार, दोन्ही अभ्यासाला सारखेच मारक आहेत.

५.३.४ चित्रातील कपडे : दोन रोझी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील लक्षावधी पुरुष आघाडीवर गेले आणि विमाने, जहाजे व शस्त्रे बनवणाऱ्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करू लागल्या. १९४२ मध्ये ‘रोझी द रिव्हेटर’ हे गाणे आले. पत्र्यांना रिव्हेट ठोकणारी कामगार स्त्री ही त्याची नायिका होती. त्यानंतरच्या वर्षी दोन चित्रे निर्माण झाली.

पहिले चित्र जे. हॉवर्ड मिलर याने वेस्टिंगहाऊस या कंपनीच्या कारखान्यांत लावण्यासाठी काढलेले भित्तिपत्रक होते. निळा शर्ट घातलेली एक स्त्री बाही सरसावून दंड दाखवते आहे आणि तिच्या डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल बांधलेला आहे. हे पत्रक १९४३ च्या फेब्रुवारीत थोडे दिवस लागले आणि विस्मरणात गेले. १९८०च्या दशकात स्त्री-चळवळीच्या काळात ते पुन्हा पुढे आले आणि ‘रोझी’ हे नाव त्यालाही चिकटले. दुसरे चित्र नॉर्मन रॉकवेल याने ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या २९ मे १९४३ च्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी काढले. त्यात निळ्या ओव्हरऑलमधील धिप्पाड रोझी मांडीवर रिव्हेटचे यंत्र ठेवून जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाते आहे. हे मूळ चित्र आज आर्कान्सॉ राज्यातील क्रिस्टल ब्रिजेस या संग्रहालयात आहे.

आता त्या ठिपक्यांच्या रुमालाकडे पाहा. अशा रुमालाला इंग्रजीत ‘बंडाना’ म्हणतात. हा शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या आपल्या भाषांतील धातूपासून आला आहे. कापडाला जागोजागी घट्ट गाठी बांधून रंगात बुडवले, की गाठीखालचा भाग कोरा राहतो आणि ठिपके उमटतात. त्यालाच आपण बांधणी म्हणतो. भारतातून निर्यात होणाऱ्या अशा रुमालांबरोबर १८व्या शतकात हा शब्द इंग्रजीत स्थिरावला. पुढे नक्षी छापली जाऊ लागली, गाठी गेल्या, परंतु नाव राहिले. गुराखी, शेतमजूर, कारखान्यातील स्त्रिया आणि त्यानंतर रॉक व रॅप गायक अशा अनेकांनी तो रुमाल आपापल्या पद्धतीने बांधला. न बांधलेल्या कापडाला ‘बांधणी’ म्हणणारी ही भाषा हस्तकलेची आठवण नकळत जपते आहे.

५.३.५ अर्थाचा चढ आणि उतार

शब्दाचा अर्थ हलक्याकडून प्रतिष्ठिताकडे गेला, तर त्याला अर्थोत्कर्ष म्हणतात. उलट झाले, तर अर्थापकर्ष. डंगरी हे अर्थोत्कर्षाचे ठळक उदाहरण आहे.

मजुराची निळी विजार प्रतिष्ठित झाली ती मुख्यतः पडद्यावरून. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडोने आणि १९५५ च्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’मध्ये जेम्स डीनने ती घातली. तरुणांसाठी ती वडीलधाऱ्यांच्या शिस्तीविरुद्धची खूण बनली. काही अमेरिकी शाळांनी ती घालून येण्यास बंदी केली आणि बंदीमुळे तिचे आकर्षण वाढलेच. १९८४ मध्ये गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याच्या ‘बॉर्न इन द यूएसए’ या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर, ॲनी लीबोविट्झ या छायाचित्रकार स्त्रीने टिपलेल्या छायाचित्रात, गायकाचा चेहरा नाही. अमेरिकी ध्वजासमोर पाठमोरी उभी असलेली जीन्सच तेवढी दिसते. कामगाराचा कपडा देशाचे प्रतीक झाला होता.

याच्या उलट ‘चीट’ पाहा. छापील फुलाफुलांच्या सुती कापडाला जुन्या मराठीत चीट म्हणत, हिंदीत छींट. त्यावरून इंग्रजी ‘चिंट्झ’ आला. १७व्या शतकात युरोपात या कापडाचे वेड होते. पुढे यंत्रावर छापलेल्या स्वस्त नकला सर्वत्र झाल्या आणि ‘चिंट्झी’ या विशेषणाचा अर्थ ‘भपकेबाज पण हलके’ असा झाला. अमेरिकी बोलीत त्याला ‘चिकट, कंजूष’ असाही अर्थ आला. जे उंची होते ते हलके ठरले; जे हलके होते ते उंची ठरले. दोन्ही वेळा हे ठरवणारा बाजार विणकरापासून फार दूर होता.

आणखी काही शब्द थोडक्यात लक्षात घेऊ :

- सीअरसकर : फारसी ‘शीर-ओ-शक्कर’, म्हणजे दूध आणि साखर. काही पट्टे गुळगुळीत, काही चुणीदार. ताण्याचे काही धागे ताणून व काही सैल ठेवून विणल्याने चुण्या पडतात. १९९६ पासून अमेरिकी सिनेटमध्ये उन्हाळ्यातील एका दिवशी सदस्य हौसेने या कापडाचे सूट घालून येऊ लागले.
- खाकी : ‘खाक’ म्हणजे धूळ. १९व्या शतकाच्या मध्यास वायव्य सरहद्दीवरील सैनिकी तुकड्यांचा हा रंग पुढे अमेरिकी लष्कराने स्वीकारला. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांबरोबर खाकी विजार महाविद्यालयांत पोहोचली.
- मद्रास : चौकटीचे सुती कापड. धुताना त्याचे रंग एकमेकांत उतरत. १९६०च्या सुमारास अमेरिकी तरुणांना तोच गुण म्हणून विकला गेला. आपल्याकडे जे कापड दुकानदाराला परत केले असते, ते तेथे हौसेने मिरवले गेले.
- गनी : ‘गोणी’ या शब्दावरून, अमेरिकेत जाड तागी पोत्याला ‘गनी सॅक’ म्हणतात.

५.३.६ परत आलेला शब्द

डोंगरीहून निघालेला शब्द भिवंडीच्या गोदामात ‘डंगरी’ होऊन परतला. तो परतला तेव्हा त्याच्यावर ब्रँड होता, मापाचा क्रमांक होता, किंमत होती. मूळ पत्ता तेवढा पुसला गेला होता. त्याच गावातील मागावरून उतरणाऱ्या कोऱ्या कापडावर मात्र आजही काही लिहिलेले नसते.

येथे एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो. डोंगरी कापड विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणाला ठाऊक नाही. पेटंट त्यांच्याकडे नव्हते, मुखपृष्ठावर ते आले नाहीत. तरीही त्यांच्या श्रमाचा माग आपल्याला लागतो, तो एका शब्दामुळे. आणि तो शब्द हाती लागतो, कारण गरिबांच्या स्वस्त कापडाचे नावही कोशात यावे, असे कोणाला तरी वाटले. बाजारात बोलला जाणारा शब्द लिहून ठेवला गेला नसता, तर ‘डंगरी’ हा इंग्रजी शब्द आहे एवढेच सामान्य ज्ञान आपल्या वाट्याला आले असते.

भिवंडीच्या कारखान्यांत आज ताणा, बाणा, बीम, धोटा, कांडी, सायझिंग, तागा असे शब्द रोज कानावर पडतात. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणाऱ्या कामगारांनी एकमेकांशी बोलता बोलता ही भाषा घडवली आहे. जुने माग भंगारात जातात आणि नवे येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर शब्दही जातात. धोट्याविना चालणारा माग आला, की ‘धोटा’ या शब्दाला काम उरत नाही. तो शब्द कोणी लिहून ठेवायचा? ज्याने धोटा हाताळला आहे आणि जो भाषेचा अभ्यासही करतो आहे, त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला आपले काम ही अभ्यासातील अडचण वाटते. या विषयापुरते तरी ते त्याचे सर्वांत मोठे साधन आहे.

५.४ सारांश

अमेरिकी लोकप्रिय संस्कृतीतील डंगरी, बंडाना, चिंट्झ, मद्रास यांसारखे शब्द भारतीय कापडाबरोबर प्रवास करून गेले. ‘डंगरी’चे मूळ मुंबईतील डोंगरीत आहे आणि त्याचा पुरावा मराठी कोशात आहे. या प्रवासात विशेषनामाचे सामान्यनाम झाले, अर्थविस्तार झाला, कापडाचे नाव कपड्याला मिळाले आणि शेवटी अर्थोत्कर्ष झाला. ‘चिंट्झ’मध्ये अर्थापकर्ष दिसतो. डेनिम व जीन या नावांची मुळे मात्र युरोपात आहेत. व्युत्पत्ती पुराव्यावर ठरते. न्यूनगंडावर किंवा अभिमानावर नाही.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.

१. १८७३ चे पेटंट नेमके कशाचे होते?
२. ‘बंडाना’ हा शब्द कोणत्या क्रियेवरून आला?
३. जीन्सची आतली बाजू फिकी का दिसते?

(आ) ‘डंगरी’ आणि ‘चिंट्झ’ या शब्दांच्या आधारे अर्थोत्कर्ष व अर्थापकर्ष यांतील फरक स्पष्ट करा.

(इ) व्युत्पत्ती आणि लोकव्युत्पत्ती यांतील भेद सोदाहरण लिहा.

(अ) ची उत्तरे : १. विजारीच्या खिशांना बळकटी देणाऱ्या रिव्हेटचे. २. कापडाला गाठी बांधण्याच्या क्रियेवरून. ३. आतल्या बाजूस पांढरा बाणा अधिक दिसतो म्हणून.

५.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा शेजारच्या एखाद्या कारखान्यात, गोदामात, शिवणकामाच्या दुकानात जा. तेथे नेहमी वापरले जाणारे, परंतु शालेय पुस्तकांत न आढळणारे दहा शब्द निवडा. प्रत्येक शब्दासाठी चार गोष्टी लिहा : शब्दाचा उच्चार, त्याचा अर्थ, बोलणाऱ्याने तो ज्या वाक्यात वापरला ते वाक्य, आणि नोंद केल्याची तारीख व ठिकाण. शब्द अशुद्ध वाटला, तरी सुधारू नका. जसा ऐकला तसाच लिहा. सांगणाऱ्याची परवानगी असेल, तर नोंदीखाली त्याचे नावही लिहा.